सगळं नीट होतं, मग मी भिंतीकडे तोंड का करतो?

ताई,
(मॅडम म्हणू का ताई ते कळत नाही, ताईच म्हणतो.) माझं वय ३१, लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट फिरती. घरी मी, बायको आणि आईवडील, वन बीएचके. बायको खूप चांगली आहे, आमचं पटतं. प्रॉब्लेम असा आहे की आमचे संबंध व्यवस्थित होतात, दोघांच्या मर्जीने होतात, त्यात अडचण काही नाही, पण झाल्यावर लगेच मला एकदम उदास वाटायला लागतं. कसं सांगू, गावची जत्रा उठल्यावर पाळणेवाले पाळणे उतरवायला लागतात आणि मैदानात नुसते कागद उडत असतात, तेव्हा लहानपणी पोटात जसं व्हायचं ना, तसं. कधी डोळ्यात पाणी पण येतं. अर्धा तास, कधी तासभर. मग झोप लागते आणि सकाळी मी एकदम नॉर्मल. त्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून पडतो, नाहीतर पाणी प्यायला म्हणून उठतो आणि किचनच्या ओट्यापाशी उभा राहतो. बायकोला आधी वाटलं दमलो असेन. आता ती विचारते, माझं काही चुकतं का, लग्नाआधी दुसरी कोणी होती का. कोणी नव्हती. मी ‘काही नाही’ म्हणतो. मागच्या महिन्यात ती रडली.

मित्र म्हणाला वीर्य जास्त गेलं की वीकनेस येतो. स्टँडजवळच्या लॉजवर एक वैद्य येतात महिन्यातून दोनदा, त्यांच्याकडून चार हजारांचं चूर्ण आणलं, दोन महिने घेतलं, काही फरक नाही. एक सांगायचं राहिलं, हे लग्नानंतरचं नाही. आयटीआयला हॉस्टेलवर होतो तेव्हा हाताने करायचो, तेव्हा पण असंच व्हायचं. ते बायकोला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मला कसला आजार आहे का? माझं बायकोवर प्रेम नाही असा याचा अर्थ होतो का? असले प्रश्न छापता की नाही माहीत नाही.
– एक वाचक, चाकण

ताईच म्हणा, चालतंय.

आधी शेवटच्या ओळीचं बघू. छापतो. मराठीत असले प्रश्न छापून उत्तरं द्यायची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढायचे, ते १९५३ पर्यंत चाललं, आणि त्यात वाचकांच्या अगदी अशाच प्रश्नांना ते सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, कर्व्यांना दंड झाला, तरी त्यांनी उत्तरं द्यायचं थांबवलं नाही. मला तर अजून दंडही झालेला नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

आता तुमचं पत्र. मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसूच आलं, राग मानू नका. कारण बायकोच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे, लेखी पुराव्यासकट, आणि नेमकं तेच तुम्ही तिला ‘सांगणारही नाही’ म्हणताय. हॉस्टेलवर असताना, एकटे असताना, जेव्हा ही बाई तुमच्या आयुष्यात कुठेच नव्हती, नाव पण माहीत नव्हतं, तेव्हाही हे असंच व्हायचं. मग ती कारण कशी असेल? दुसरी कोणी होती का या प्रश्नाचंही उत्तर त्यातच आलं. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते तीच तिला निर्दोष सोडवणारी गोष्ट आहे. तुम्ही लाजेपोटी ती दाबून ठेवलीत आणि इकडे ती बिचारी रोज रात्री स्वतःवर आरोपपत्र लिहीत बसलीय.

हे जे होतं त्याला डॉक्टर लोक पोस्टकॉयटल डिस्फोरिया म्हणतात. साधं मराठीत म्हणायचं तर संबंधानंतरची उदासी. संबंध मर्जीने झालेले, त्रास काही नाही, सुख पण मिळालेलं, आणि तरीही झाल्यावर उदास वाटणं, रडू येणं, चिडचिड होणं किंवा कोणी जवळ नको असं वाटणं, हे सगळं त्यात येतं. माणसाला हे फार जुन्या काळापासून माहितीये, संभोगानंतर प्रत्येक प्राणी उदास होतो अशी लॅटिनमध्ये म्हणच आहे. पण नीट मोजायला सुरुवात झाली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत, आणि आधी अभ्यास झाले ते बायकांवर, कारण पुरुषाला झाल्यावर रडू येत असेल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या दोघांनी ७८ देशांतल्या १,२०८ पुरुषांना ऑनलाइन विचारलं. त्यातले ४१ टक्के म्हणाले आयुष्यात कधी ना कधी असं झालंय, २० टक्के म्हणाले गेल्या चार आठवड्यांत झालंय, आणि साधारण ३-४ टक्क्यांना हे नेहमीचंच होतं. आता ऑनलाइन फॉर्म भरणारे कोण, तर ज्यांना त्रास आहे ते जास्त भरणार, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक गावाला लावू नका. पण तुमच्या शिफ्टमध्ये जेवायच्या सुट्टीत एका टेबलावर दहाबारा जण बसत असतील तर त्यात बहुधा तुम्ही एकटेच नसाल. कोणी बोलत नाही, बस. तुम्ही तरी कुठे बोललात? बोललात तेही अर्धंच, आणि तो मित्र निघाला वीर्याचा हिशेब ठेवणारा.

त्या हिशेबाबद्दल बोलूच, कारण चार हजार गेलेत. ‘रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो’ हे तुम्हीही ऐकलं असणार, आपल्याकडे हे शाळेच्या मागच्या बाकावरच कळतं, पुस्तकात नसतं. खरं काय तर वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, एका वेळी साधारण दोन ते पाच मिली, म्हणजे जास्तीत जास्त चहाचा एक चमचा, आणि शरीर ते कायम बनवतच असतं, वापरा नाहीतर नका वापरू. त्याने हाडं ठिसूळ होत नाहीत, गाल बसत नाहीत, कणा रिकामा होत नाही. धातू जाते म्हणून अशक्तपणा आला अशी भीती घेऊन आपल्या देशात इतके तरुण डॉक्टरांकडे यायचे की डॉ. नरेंद्र विग या मानसोपचार तज्ज्ञांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. त्यात नुकसान वीर्य गेल्याने होत नाही, वीर्य गेलं या धास्तीने होतं. तुमची उदासी त्याच्यामुळेच आहे असं मी म्हणत नाहीये, तुमचं वर्णन वेगळंय, पण झाल्याझाल्या डोक्यात कुठेतरी ‘गेलं, वाया गेलं, आता उद्या वीकनेस’ असं मीटर पडत असेल तर ते मीटर पण बंद करायला हवं ना.

मग कारण काय? इथे मी छातीठोकपणे एक कारण सांगितलं तर मीही त्या लॉजवाल्यासारखीच. शरीराचा भाग असा की सुखाच्या टोकाला मेंदूत बरंच काही उसळतं आणि नंतर खाली येतं, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, अंग ढिलं पडतं, झोप येते. बहुतेकांना ही उतरण मऊ लागते, काहींना धपकन लागते. पण हार्मोनने सगळा उलगडा झालाय असं अजून नाही. मनाचं टेन्शन, आधीची उदासी, लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार, संबंधांमधल्या दुसऱ्या अडचणी, या गोष्टींशी त्याचा थोडाफार संबंध दिसलाय, पण यातलं काहीच नसलेल्या लोकांनाही हे होतं. लहानपणी तुमच्या बाबतीत तसं काही झालं असेल तर तुम्ही लिहिलं नाहीत, लिहायलाच पाहिजे असंही नाही, पण असेल तर ते एकट्याने वाहू नका एवढंच म्हणते.

माझा स्वतःचा अंदाज सांगते, अंदाजच समजा. हॉस्टेलवर तुमचं सगळं कसं चालायचं? लाइट बंद, रूमपार्टनर झोपलाय ना याचा कानोसा, घाईघाईत, आवाज नाही, आणि झालं की लगेच भीती आणि किळस. आणि आता? वन बीएचके, हॉलमध्ये आईवडील, वडिलांना खोकला आला की तुमचा श्वास अडकत असणार, कडी वाजू नये म्हणून आधीच हात धरून लावत असाल. बारातेरा वर्षांत जागा बदलली, माणूस बदललं, लग्न झालं, गावजेवण झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, पण शरीराला अजून वाटतंय आपण चोरीच करतोय. चोरी झाल्यावर कोणाला हसू येतं? हे खरं असेल तर एक प्रयोग स्वस्तात होतो. आईवडील गावाला जातात तेव्हा, किंवा तुम्ही दोघं दोन दिवस कुठे बाहेर गेलात तेव्हा, काही फरक पडतो का ते बघा. पडला तर कळेल. नाही पडला तरी दोन दिवस फिरणं झालं.

सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी आल्यावरच्या रात्री जास्त त्रास होतो का हेही बघा. झोपेचं खोबरं झालेलं असलं की कुठलीच भावना जागेवर राहत नाही, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. महिनाभर फोनमध्ये नुसती नोंद ठेवा, कुठली शिफ्ट, उदासी किती वेळ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू नका, आई विचारतील दूधवाल्याचा हिशेब आहे का म्हणून.

प्रेमाचा प्रश्न. तुम्ही विचारलंत की बायकोवर प्रेम नाही असा याचा अर्थ होतो का. नाही होत. २०१५ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीतून २३० विद्यार्थिनींचा अभ्यास आला, त्यातल्या ४६ टक्के जणींना हा अनुभव कधीतरी आलेला होता, म्हणजे हे पुरुषी दुखणं नाही की बायकी दुखणं नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की जोडीदाराशी जवळीक किती आहे याचा आणि या उदासीचा काही संबंध त्यात सापडला नाही. जवळीक भरपूर असणाऱ्यांनाही होतं. हे बायकोला जरूर सांगा, हवं तर हे पान दाखवा.

पण थांबा, तुम्ही एवढ्यावर सुटत नाही. उदासी तुमच्या हातात नाही, मान्य. भिंतीकडे तोंड करणं हातात आहे. तिच्या जागी जाऊन बघा. पाच मिनिटांपूर्वी हा माणूस इतका जवळ होता, आणि आता पाठ. मग उठून गेला. मग किचनमध्ये अंधारात उभा. विचारलं तर ‘काही नाही’. ‘काही नाही’ हे आपल्याकडच्या नवऱ्यांचं राष्ट्रीय उत्तर आहे आणि त्याचा अर्थ बायका कायम ‘खूप काही आहे पण तुला सांगत नाही’ असाच लावतात आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर लावतात. ती जी मागच्या महिन्यात रडली ना, ती तुमच्या उदासीमुळे नाही रडली, तिला ती माहीतच नाहीये. ती पाठीमुळे रडली.

म्हणून सांगायचं. कुठे आणि कधी, तर पलंगावर नको आणि झाल्यानंतर तर नकोच, तेव्हा तुम्ही बुडालेले आणि ती घाबरलेली. गाडीवर सांगा. खरंच. संध्याकाळी कुठेतरी वडापाव खायला म्हणून निघा, गाडीवर एकमेकांचं तोंड दिसत नाही त्यामुळे अवघड गोष्ट बोलायला सोपी जाते, माझ्या ओळखीतली अर्धी महत्त्वाची बोलणी बाइकवर झालीयेत. भाषण नको. एवढंच म्हणा, ‘अगं, झाल्यावर मी जो गप्प होतो ना, ते तुझ्यामुळे नाही. मला ते कॉलेजच्या वयापासून होतंय, एकटा असताना पण व्हायचं. मला लाज वाटायची म्हणून बोललो नाही. तू मला हवी असतेस, तेव्हा पण आणि नंतर पण.’ ती कदाचित गप्प बसेल, कदाचित म्हणेल मग इतके दिवस मला का छळलंत, ते ऐकून घ्या. हाताने करणं म्हणजे काहीतरी पाप असं तिला वाटेल अशी तुमची भीती आहे, पण लग्न झालेल्या बाईला एवढी अक्कल असते हो, आणि नसलीच तर हाताने करण्यात काही वाईट नाही, शरीराला काही होत नाही, हे तुम्ही सांगाल. दोघांपैकी एकाने तर सुरुवात करायची.

आणि त्या रात्रीसाठी काहीतरी ठरवून ठेवा. जसं की उदासी आली की तुम्ही एक शब्द बोलाल, ‘आलं’ एवढं म्हटलं तरी पुरे. मग तिने काही करायचं नाही, समजूत काढायची नाही, का का विचारायचं नाही, फक्त शेजारी पडून राहायचं आणि तुम्ही तिचा हात धरायचा. स्पर्श सहन होत नसेल तर तसं सांगा, पाय पायाला लागलेला चालतो का बघा. पाणी प्यायचंय तर आधीच उशाशी तांब्या भरून ठेवा म्हणजे उठून जायचं निमित्त संपलं. आलेली उदासी हटवायच्या मागे लागू नका, घड्याळ बघा, अर्ध्या तासाने, फार तर तासाभराने ती जाते हे तुम्हीच लिहिलंय. जत्रा उठली की मैदान रिकामं दिसणारच हो, पण तुम्ही दर वेळी त्या मैदानात एकटेच जाऊन उभे राहत होता. डोळ्यात पाणी आलं तर येऊ द्या, तिने पुरुषाला रडताना आधी पाहिलं नसेल तर पाहील.

अजून एक, हे तिलाही विचारा की तिला झाल्यावर कसं वाटतं. तुमच्या अख्ख्या पत्रात ते कुठे नाहीये.

डॉक्टरचं. एवढंच असेल, अर्धा तास आणि सकाळी नॉर्मल, तर हा आजार म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि यासाठी म्हणून खास अशी गोळीही नाही. पण उदासी दुसऱ्या दिवशीही राहायला लागली, जेवण-झोप-काम कशातच मन लागेना, किंवा या भीतीने तुम्ही बायकोच्या जवळ जाणंच टाळायला लागलात, तर मानसोपचार तज्ज्ञाला भेटा. डिप्रेशनच्या, बीपीच्या किंवा कसल्याही गोळ्या चालू असतील तर त्या बंद न करता त्यांना सांगा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजांमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरला किती लागतात ते तुम्हाला माहितीच आहे, चूर्णाच्या पुडीपेक्षा कमी. काही पुरुषांना संबंधानंतर उदासीच्या जोडीला ताप आल्यासारखं होतं, अंग मोडून येतं, डोकं जड, आणि ते दोन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत चालतं, ते वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी आधी फिजिशियन किंवा युरॉलॉजिस्ट. आणि त्या अर्ध्या तासात कधी जीव नकोसा वाटला, मरणाचे विचार आले, तर सकाळची वाट बघायची नाही. बायकोला उठवायचं आणि १४४१६ ला फोन लावायचा, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटत नसला, नुसतं कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तरी तिथे फोन करता येतो.

हे वाचणाऱ्या बायकांसाठी मध्येच एक, कारण मला माहितीये तुम्हीही वाचताय. वर जे सगळं लिहिलंय ते मर्जीने झालेल्या संबंधांबद्दल. मर्जी नसताना, भांडण मिटवायला म्हणून किंवा भीतीने ‘हो’ म्हटल्यावर नंतर रडू येत असेल तर ती उदासी वेगळी, ती बरोबर सांगतेय, तिला गप्प करायचं नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याच्यावर वेगळं लिहीन.

परत चाकणकडे. त्या लॉजवाल्याकडे परत जायचं नाही. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते त्यावर लिहिलेलं नसतं, ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘हर्बल’ औषधांमध्ये न सांगता ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली बऱ्याचदा सापडलीयेत, आणि ती बीपी किंवा हृदयाच्या माणसाला धोक्याची असतात. पुन्हा कोणी गाठलंच तर रजिस्ट्रेशन नंबर विचारा, लॉजवर महिन्यातून दोनदा येणारा माणूस त्यावर काय करतो ते बघण्यासारखं असतं. घरात उरलेलं चूर्ण असेल ते फेकून द्या. चार हजारांचं होतं म्हणून जीव तुटेल, तरी. फक्त गुपचूप फेकू नका, ते कुठल्यातरी बॅगच्या तळाशी लपवलेलं असणार, आधी बायकोला दाखवा आणि कशासाठी आणलं होतं ते सांगा. गाडीवर सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर त्या डबीपासून करा.